खरबरीत बाजू

शपथेवर सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. माझ्या तोंडात चार दात उरलेत, त्या चारांची शपथ. एक गोष्ट जरी खोटी निघाली तरी चारही जागच्या जागी गळू देत, उरलेलं आयुष्य मी पातळ पिऊन काढीन. मधे एका मांजराचा विषय निघेल, तेव्हा तुम्ही एकमेकांकडे बघाल आणि म्हणाल, झालं, म्हातारीने सुरू केलं. खुशाल म्हणा. मांजरही खरं आहे.

तर टक् एवढाच आवाज झाला. बोट मोडल्यासारखा. एक्स-रेवाल्याच्या अंगठ्याखालीच झाला, आणि तरी त्याने आधी मागे वळून बघितलं, खोलीत दुसऱ्या कुणाची तरी चूक असावी तसं. खोलीत कुणी नव्हतं. त्याच्या खोलीत थोरल्या बहिणीशिवाय, ताईशिवाय कुणी येत नसे, आणि ताई आत्ताच जिना उतरून गेली होती. तिच्या चपलांचा फटक फटक आवाज खालच्या मजल्यावरून अजून येत होता. मग त्याने अंगठा उचलला. काचेच्या कोपऱ्यातून एक भेग निघाली होती, केसाएवढी, तिरपी. तो केसच असावा म्हणून त्याने फुंकर मारली. काचेचे दोन तुकडे झाले आणि एक त्याच्या मांडीवर पडला. अलगद पडला, लागलं वगैरे काही नाही. पण तो तसाच बसून राहिला, मांडीवर कुणाचं तरी पोर झोपलंय आणि हललं तर उठेल असा.

आता ही काच म्हणजे साधी काच नव्हे, ते सांगायला हवं. त्याच्याकडे जुना मोठा कॅमेरा होता. बंद पडलेल्या एका स्टुडिओच्या अडगळीतून आणलेला, लाकडी, पुढे भिंग, मागे काच आणि मधे घड्या पडलेला कातडी भाता. तिकाटण्यावर उभा केला की माणसाच्या उंचीचा. मागे जायचं, काळं फडकं डोक्यावरून घ्यायचं, आणि मागच्या त्या दुधी काचेवर समोरचं जग येऊन पडतं ते बघायचं. उलटं. पाय वर, डोकं खाली. भिंग पुढेमागे करून ते चित्र धारेवर आणायचं, आणि मग काचेच्या जागी फिल्मची चपटी पेटी सरकवायची. म्हणजे प्रत्यक्ष फोटो निघतो तेव्हा काढणारा आंधळाच असतो. जे बघायचं ते आधी त्या काचेवर बघून घ्यायचं. काच गेली की कॅमेरा जागेवर असतो, डोळे गेलेले असतात.

त्याचे तर दोन्हीकडून गेले म्हणा. कारण हा माणूस नुसत्या डोळ्यांनी कुणाकडे धड बघतच नसे. दवाखान्यात सकाळपासून संध्याकाळपर्यंत माणसं त्याच्यासमोर उघडी होऊन उभी राहत, तो त्यांचे खांदे धरून पाटीला टेकवी, बाजूला जाऊन म्हणे, "श्वास घ्या. धरा. सोडा," आणि त्यांच्या बरगड्या त्याला तोंडपाठ असत, पण बाहेर रस्त्यात तोच माणूस भेटून नमस्कार करायला लागला की हा गडबडून त्याच्या छातीकडे बघे. ओळख तिथून पटे. घरी आला की काळ्या फडक्याखाली शिरे आणि खिडकीतून रस्ता बघत बसे. उलटी माणसं छताला चिकटलेल्या पालींसारखी चालत जात, उलट्या सायकली, उलटा कुत्रा. त्यांना कळत नसे आपल्याला कुणी बघतंय, आणि यालाही आपण बघतोय असं वाटत नसे. तेवढंच काय ते त्याचं लोकांत मिसळणं. फोटो काढायचे ते खुर्चीचे, दाराच्या कडीचे, पाण्याच्या टाकीचे. दवाखान्यात कॉम्प्युटर आल्यापासून एक्स-रेची जुनी फिल्म कपाटात पडून होती, मोडीत जायची, ती तो विचारून घरी आणी आणि कापून वापरी. माणसाचा फोटो त्याने एकही काढला नव्हता. आणि ताईने आज नेमका तोच मागितला होता.

"रविवारची गाडी आहे," ताई म्हणाली होती. पाय मोकळे करायला म्हणून आली ती खुर्चीच्या टोकावर बसली होती, पाहुण्यासारखी. "घर घेतलंय त्या लोकांना एक किल्ली दिलीसुद्धा. लेक म्हणतो, आई, आता इथे एकटी राहून काय करतेस, चल आमच्याकडे. मी म्हटलं, एकटी कुठे, तुझा मामा आहे ना. तर म्हणतो, मामा असला काय न् नसला काय."

"बरोबर आहे त्याचं."

"बरोबर आहे म्हणे! अरे, चिडावं माणसाने थोडं तरी."

तो चिडला नाही. तिने आणलेल्या डब्याचं झाकण उगाच उघडून लावलं. मग म्हणाली, "माझा एक फोटो काढ. त्या तुझ्या खोक्यात."

"फोनवर काढलेत ना त्याने. ढिगाने आहेत."

"त्यात मी त्याची आई दिसते. तू काढ."

"मी माणसांचे—"

"माहितीये. तू खुर्च्यांचे काढतोस. मग खुर्चीचाच काढ. मी येऊन बसेन, मधे येईन."

"बघू," तो म्हणाला. कुठल्याही गोष्टीला तो बघू म्हणे. ताईने त्याच्याकडे एकदा नीट बघितलं, शनिवारी येते म्हणाली आणि गेली. ती गेल्या गेल्या त्याने कॅमेरा बाहेर काढला, काच पुसायला घेतली, आणि नको तितका जोर लावून पुसली. त्या जोरात काय होतं ते त्याला विचाराल तर म्हणेल, डाग होता.

नवी काच बाहेरून मागवायची तर महिना गेला असता. म्हणून दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर तो काचवाल्याकडे गेला. काचवाल्याने न्हाणीघराच्या खिडकीची दुधी काच पुढे केली. ती भरड, तिच्यावर माणूस पिठातून बघितल्यासारखा दिसला असता. "ही नको. साधी द्या, आरपार दिसते ती. दोन मिलिमीटर." काचवाल्याने विचारलं, खिडकीला का, नाही, फ्रेमला का, नाही, मग कशाला. याने पैसे पुढे केले. काचवाल्याने कापून दिली. वाटेत फरशी घासणाऱ्या लोकांकडून त्याने घासायची पूड घेतली, करड्या रंगाची, एक जाडी आणि एक अगदी पावडरीसारखी, नाकात गेली तर कळू नये इतकी बारीक. घरी येऊन टेबलावर ओलं वर्तमानपत्र अंथरलं, म्हणजे काच सरकत नाही. काचेवर चिमूटभर जाडी पूड टाकली, चार थेंब पाणी, आणि वर काचेचाच एक लहान तुकडा पालथा ठेवून तो घासायला लागला. गोल नाही, सरळ नाही. इंग्रजी आठाचा आकडा काढावा तसं, म्हणजे सगळीकडे सारखं घासलं जातं.

आणि तो आवाज! मी सांगते, त्या आवाजाने इमारतीचे दात आंबले. नळाच्या तोट्या आपोआप घट्ट झाल्या. तिसऱ्या मजल्यावर एक गलेलठ्ठ मांजर राहत होतं, जन्मात कधी पायरी उतरलं नव्हतं. ते त्या संध्याकाळी उठलं, आळस दिला, जिना उतरून फाटकाबाहेर गेलं ते आजतागायत परत आलं नाही. समोरच्या दारातली शेजारीण मात्र कुठे जाणारी नव्हती. तिने दार वाजवलं.

"अहो, काय चाललंय काय? माझ्या दाढा शिवशिवतायत."

"काच घासतोय."

"एवढी मळलीये?"

"नाही. स्वच्छ आहे. अंधूक करतोय."

शेजारणीने त्याच्या खांद्यावरून टेबलाकडे बघितलं, करड्या राडीने भरलेल्या त्याच्या हातांकडे बघितलं. "चांगली काच आणून अंधूक करताय."

"स्वच्छ काचेवर चित्र थांबत नाही," तो म्हणाला. "आरपार निघून जातं. खरवडली की थांबतं."

"हं," शेजारीण म्हणाली. "घरात बोलायला माणूस नसलं की असं होतं बघा." आणि जाताना वळून, जरा मऊ आवाजात, "कापसाचे बोळे घालते कानात. चालू द्या तुमचं."

तिने दार लावलं आणि तिचं वाक्य आत राहिलं. तो घासत राहिला. पूड झिजली की आवाज बदलतो. आधी वाळूत पाय घसटल्यासारखा, मग कढईत पाणी तापताना येतो तसा, मग नुसता श्वास. श्वास झाला की धुवायचं, नवी पूड घालायची. घरात बोलायला माणूस नसलं की. पण होतं की माणूस. तीन गल्ल्या पलीकडे होतं. आठवड्यातून दोनदा डबा घेऊन येत होतं, फोन करून ओरडत होतं, पंखा पुसला का, डॉक्टरला दाखवलंस का. आणि तो हो म्हणत होता, बघू म्हणत होता. इतक्या वर्षांत त्याने आपणहून ताईला फोन केल्याचं त्याला आठवेना. गरजच पडली नव्हती. त्याला तिची आठवण यायच्या आतच ती येई. आता रविवारनंतर आठवण येऊन काय करणार होती? येऊन तशीच बसली असती, खुर्चीच्या टोकावर. हात आपोआप आठाचा आकडा काढत होता आणि काच धुक्यात जात होती, कोपरे सोडून. कोपरे नेहमी मागे राहतात, तिथे बोट जास्त दाबावं लागतं. त्याने काच धुतली, पुसली आणि वाळल्यावर डोळे मिटून तिच्यावरून बोटं फिरवली. रेशमी खरबरीत. त्या स्पर्शाबरोबर तो एकदम लहान झाला. इतका लहान की बाकावर बसला तर पाय लोंबत होते.

बाक दवाखान्यातला, समोर दार, दाराला वरच्या अर्ध्या भागात दुधी काच. आत आई. पोरांना आत सोडत नसत. ताई मोठी होती, कॉलेजात जायला लागली होती, तिला सोडत. ती आत गेली की काचेपलीकडे एक करडी आकृती होई, लांब गेली की विरघळे, जवळ आली की पुन्हा जमे. मधूनच ती आतून काचेला तळवा टेकवी, आहे मी, असं सांगायला. तळवा मात्र स्पष्ट दिसे, पाचही बोटं. तो बाकावर उभा राहून बाहेरून आपला हात त्याच्यावर ठेवी. त्याच्या बाजूने काच खरबरीत होती. त्याला एक शोध लागला होता, तो त्याने कुणालाच सांगितला नव्हता: बोटाला थुंकी लावून त्या खरबरीत बाजूवर चोळली की तेवढी जागा आरपार होते. नाण्याएवढं भोक पडतं. थुंकी वाळेपर्यंत दिसतं, मग पुन्हा धुकं. एका दुपारी त्याने असं भोक पाडून डोळा लावला. त्याला आई बघायची होती. आई दिसलीच नाही. ताईचं तोंड दिसलं, बाजूने, अगदी जवळ. ती पलंगाकडे बघत होती. रडत नव्हती, काहीच करत नव्हती. पण ते तोंड त्याने आधी कधी बघितलेलं नव्हतं. घरातलं, त्याला दामटून जेवायला बसवणारं, खोटं खोटं रागावणारं असं कुठलंच नाही. कुणासाठीच नसलेलं तोंड. थुंकी वाळली. दार उघडलं तेव्हा ताईने नेहमीचं तोंड घातलेलं होतं. "चल," ती म्हणाली, "घरी जाऊ. आज मी करते स्वयंपाक, जळला तर हसायचं नाही." तेव्हापासून तिने ते नेहमीचं तोंड एकदाही उतरवलं नाही. निदान त्याच्यासमोर नाही. नवरा गेला तेव्हासुद्धा तिने विचारलं होतं, तू जेवलास का.

त्याला ते तोंड हवं होतं. हे त्याला त्या टेबलापाशी, करड्या राडीत बोटं असताना कळलं, आणि तो घाबरला. फोटो वगैरे ठीक आहे, पण हे असं कुणाचं काही हवं असणं त्याच्या सवयीचं नव्हतं.

बारीक पुडीने शेवटचा हात झाला, कडा दगडावर घासून बोथट केल्या, आणि शुक्रवारी कामावर जायच्या आधी त्याने काच कॅमेऱ्याच्या मागे बसवली. बसवताना विचार केलाच नाही. हातांना माहीत होतं दुधी काच कशी असते: खरबरीत बाजू आपल्याकडे. तशी बसवली. काळं फडकं घेतलं, खिडकीकडे भिंग केलं. जुन्या काचेपेक्षा कितीतरी उजळ. समोरच्या गच्चीवरची वाळत घातलेली मोज्यांची जोडी, तिचा उसवलेला टाकासुद्धा. दिवसभर दवाखान्यात तो गुणगुणत होता. मेट्रनबाईंनी विचारलं, "तब्येत बरी आहे ना तुमची?"

शनिवारी दुपारी ताई आली. केस धुऊन आली होती, नेहमीपेक्षा घट्ट अंबाडा घातलेला, त्यात दोन आकडे. खुर्ची खिडकीशी. "कशी बसू?"

"बस कशीही."

"कशीही काय? पाय वर घेऊ?"

"ताई."

"बरं बाई, गप्प बसते." आणि बसली.

तो फडक्याखाली गेला. अंधार, लाकडाचा आणि जुन्या कातड्याचा वास, आणि त्या अंधारात काचेवर ताई, उलटी, तळहाताएवढ्या उजेडात. त्याने भिंग सरकवलं. आधी खुर्चीची पाठ आली, मग खांदा, मग डोळे. डोळ्यांवर तो थांबला. पापण्यांचे केस मोजता आले असते. आणि मग त्याला तिथून निघवेना. इथे बघता येत होतं. इथे तिचं वाढलेलं वय दिसत होतं, कानाची पाळी लोंबलेली, ओठाशेजारची एक बारीक खूण. इतकी वर्षं डब्याकडे बघून बोललेल्या माणसाला हे सगळं नवीन होतं. तो बराच वेळ आत राहिला. बाहेर खुर्ची एकदा करकरली.

"आहेस का आत? की मागच्या मागे पळालास?"

"आहे."

"झोपू नकोस म्हणजे झालं. उद्या माझी गाडी आहे."

मग ती खिडकीबाहेर बघायला लागली, फोटोचं विसरली. आणि काचेवर, उलटं, ते तोंड आलं. त्याने हळूच पाय बदलला. फडक्यातून बाहेर यायचं, भिंगाला झाकण लावायचं, फिल्मची पेटी सरकवायची, तिची आतली पट्टी ओढायची. आवाज होणार, ती सावध होणार. झालंच. तो बाहेर आला तेव्हा ती नेहमीचं तोंड घालून बसली होती. त्याने झाकणाला हात लावला आणि सवयीने म्हणाला, "श्वास घ्या. धरा."

"मला अहो-जाहो?" ताई खो खो हसली. "काय घ्यायचंय ते घे एकदाचं, छाती दुखतेय माझी हसून."

पुन्हा बसली. त्याने झाकण काढलं, मनात चार आकडे मोजले, लावलं. एक्स-रेची फिल्म मठ्ठ असते, तिला उजेड भरपूर लागतो. दुसरी फिल्म होती पेटीत, पण ताई उठली. घरी लेक, सामान, दोऱ्या. "चांगला आला तर पाठव," ती दारात म्हणाली. "वाईट आला तर तूच ठेव."

ती गेल्यावर त्याने न्हाणीघरात लाल दिवा लावून फिल्म धुतली. काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं वाचायची त्याला सवय, जन्म त्यातच गेलेला. फिल्म तबकात हलत होती आणि तिच्यावर ताई चढत होती, आणि त्याला आधी अंबाडा दिसला. अंबाड्यातले आकडे, एकेक केस, कानामागची शीर, खुर्चीच्या वेताची वीण. सगळं सुईने कोरल्यासारखं. आणि जिथे डोळे, तिथे धुकं. नाक धुकं. ओठ, ओठाशेजारची खूण, धुकं. वीतभर मागचं सगळं अचूक आणि ती स्वतः नाही. त्याने फिल्म लाल दिव्याशी धरली, जवळ, लांब. ती हलली असती तर केसही हलले असते. हलली नव्हती. मग तो ओल्या हातांनीच कॅमेऱ्याकडे गेला आणि काचेवर बोट ठेवलं. बोटाला खरबरीत लागलं.

खरबरीत बाजू भिंगाकडे हवी. चित्र तिथे थांबतं, आणि फिल्मही नेमकी तिथेच येऊन बसते. काच पालथी बसली की चित्र थांबायची जागा काचेच्या जाडीने मागे सरकते. दिसताना सगळं धारदार दिसतं आणि फिल्म मात्र भलतीचकडे बघत असते. काच खोटं बोलली नव्हती. चुकीच्या जागी उभी राहून खरं बोलली होती. मनातली काच त्याने एवढी वर्षं आपल्याकडेच खरबरीत ठेवली होती, त्या बाकावर उभा असल्यापासून, थुंकी लावून भोक पाडायला. तो न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसला. फोन वाजला.

"कसा आला?" ताई. मागे चिकटपट्टी ओढल्याचा करकर आवाज.

पुन्हा ये, एवढंच म्हणायचं होतं. बिघडलाय, पुन्हा बसावं लागेल, ये. दवाखान्यात तो हे दिवसातून तीनदा म्हणे, परक्या माणसांना, न लाजता: हललात, पुन्हा घ्यावा लागेल.

"छान आलाय," तो म्हणाला.

"खरंच? माझं नाक?"

"छान आहे."

"बरं बाबा. सकाळी स्टेशनवर नको येऊस, तुला गर्दीत कसंतरी होतं. पोचले की फोन करते." आणि मग लगेच ठेवला नाही. त्यानेही नाही. चिकटपट्टी एकदा ओढली गेली, कुणीतरी कात्री मागितली, आणि फोन ठेवला गेला.

काच उलटी करायला काही लागत नाही; दोन चिमटे काढायचे आणि लावायचे. त्याने ती उलटी केली. सकाळी उजाडल्यावर त्याने कॅमेरा खांद्यावर घेतला, तिकाटणं काखेत मारलं आणि तो घराबाहेर पडला. हा कॅमेरा अडगळीतून आला त्यानंतर पहिल्यांदाच जिना उतरत होता. रस्त्यावर लोक बघायला लागले. एकाने विचारलं, "काका, सिनेमा का?" आणि गंमत म्हणजे याने त्याच्या तोंडाकडे बघून नाही म्हटलं.

ताईचं दार उघडंच होतं. आत काही नाही. भिंतींवर कपाटांच्या, पलंगांच्या फिक्या सावल्या तेवढ्या उरलेल्या, आणि मधोमध एक पेटी. भाचा खाली टॅक्सीत सामान चढवत होता, याला बघून तो "मामा?" एवढंच म्हणाला होता, आणि खांद्यावरचं लाकडी धूड बघून बाजूला झाला होता. ताई दारात आली.

"अरे, तू? हे काय आणलंस?"

"बिघडलाय कालचा," तो म्हणाला. धापा टाकत होता. "तुझा केसांचा आलाय."

"छान आलाय म्हणालास ना!"

"केस छान आलेत."

ताईने कपाळाला हात लावला, पण हसत होती. "बस म्हणतोस? इथे? खुर्च्या तर सगळ्या गेल्या." मग पेटीवर बसली, हात गुडघ्यांवर, आणि खालून भाचा ओरडला, "आई, उशीर होतोय!" "आले रे!" ती ओरडली, आणि हलली नाही.

तो फडक्याखाली फार वेळ राहिला नाही. डोळ्यांवर आणलं, बाहेर आला, फिल्मची पेटी सरकवली, पट्टी ओढली, आणि भिंगाशेजारी येऊन उभा राहिला, झाकण हातात. आता मधे काही नव्हतं, ना काच ना फडकं, आणि ती सुलटी होती. श्वास घ्या म्हणाला नाही. झाकण काढलं. ती भिंगाकडे बघत होती. रिकाम्या खोलीत खालच्या टॅक्सीचा घरघराट भरला होता, भिंतीवर खिडकीचा चौकोन, आणि त्याच्या तोंडून आलं, "ताई, नको जाऊस." हळू, बोलायची सवय नसलेल्या माणसाचा आवाज. तिने मान वळवली आणि त्याच्याकडे बघितलं. झाकण लावायचं तो विसरला. मग लावलं.

"हलले का रे मी?" थोड्या वेळाने ती उठत म्हणाली. "बिघडवला का तुझा फोटो?"

"नाही," तो म्हणाला.

तिने त्याच्या शर्टाची कॉलर उगाच सरळ केली. जिन्यात तिच्या चपला फटक फटक वाजत खाली गेल्या, टॅक्सीचं दार लागलं. तो रिकाम्या घरात कॅमेऱ्याच्या घड्या मिटत बसला, सावकाश, भाता दुमडून.

सोमवारी दवाखान्यात मेट्रनबाईंना दिव्याच्या पेटीवर कुणाचा तरी गुडघा आणि कुणाची तरी छाती यांच्यामध्ये एक लहान फिल्म चिमट्याला लावलेली दिसली. त्या जवळ गेल्या. पेटीवर बसलेली एक म्हातारी होत आलेली बाई, खांदे एकच, हात एकच, मागची भिंत जराही न हललेली. आणि तोंडं दोन. एक समोर बघणारं. दुसरं बाजूला वळलेलं, त्या पहिल्यातून उगवल्यासारखं, आणि त्याचे डोळे इतके स्वच्छ की मेट्रनबाईंनी, कुणाकडे बघतायत ते बघायला, स्वतःच बाजूला वळून बघितलं. तिथे एक्स-रेवाला उभा होता.

"कोण या?"

"बहीण."

"हलल्या वाटतं. पुन्हा घ्यायचा मग."

"गेली ती," तो म्हणाला, आणि बाहेर थांबलेल्या माणसाला हाक मारली.

झालं, एवढीच गोष्ट. फिल्म आहे, जाऊन बघा. दोन तोंडं आहेत, त्यात माझं काही नाही. काच पालथी बसली तेही खरं. एक वाक्य तेवढं माझ्या पदरचं आहे. ते "नको जाऊस" मी घातलं. त्या रिकाम्या खोलीत तो झाकण हातात धरून नुसता उभा होता, ओठ मिटलेले, नेहमीसारखा. काहीही बोलला नाही. ती आपणहूनच वळली.